दहाव्या वर्षीचं बाळसं

आमच्या कॉलनीत संध्याकाळ व्हायची ती सिगड्या पेटल्या की. राजुऱ्याच्या बाजूला, कोळशाच्या खाणीला लागून आमची क्वार्टरं होती, रांगेत वीस-वीस, आणि प्रत्येक दारात एक पत्र्याची सिगडी. बाबा खाणीत फिटर होते. खाणीत काम करणाऱ्याच्या घरी जाळायला कोळसा मिळायचाच, त्यामुळे आमच्याकडे एक वेळ साखर संपेल, पण कोळसा संपत नसे. पाचच्या सुमारास सगळ्या बाया एकदमच सिगड्या अंगणात आणायच्या. खाली गोवरीचे तुकडे, वर कोळसा, त्यावर घासलेटची धार. पहिला अर्धा तास नुसता धूर. पिवळट, जाड धूर, गुडघ्यापासून वर चढत जाणारा. समोरची रांग हळूहळू दिसेनाशी व्हायची आणि मागे नुसते आवाज उरायचे. कोणाचा तरी रेडिओ, पुठ्ठ्यानं सिगडीला वारा घालण्याची फडफड, एखाद्या आईची "ए पोट्ट्या, घरी ये नाई तं पाय" अशी हाक. मग निखारे लाल व्हायचे, धूर विरायचा, समोरची रांग परत जागच्या जागी उभी असायची आणि सिगडी आत जाऊन तिच्यावर भात चढायचा. एक आख्खी वस्ती रोज नाहीशी होते आणि रोज परत येते, याचं मला कोण नवल वाटायचं! मी दाराच्या पायरीवर बसून ते पाहायचे. बसून, कारण तेवढा वेळ उभं राहायचा दम माझ्यात नसायचा.

धूर चढायला लागला की माझ्या छातीत पिल्लू बोलायचं. हा शब्द बाबांचा. मी पाचेक वर्षांची असताना त्यांनी एकदा माझ्या पाठीला कान लावला आणि म्हणाले, "हिच्या छातीत तं कोंबडीचं पिल्लू बोलून राह्यलं व!" ते गमतीनं म्हणाले, पण मी ते शब्दशः धरून बसले. श्वास आत घेताना ते गप्प असायचं आणि सोडताना बारीक, लांब चिवचिव करायचं. आपल्या आत एक जिवंत प्राणी राहतो, आपण झोपलो तरी तो जागा असतो, हे मी मनोमन मान्य केलं होतं आणि मला त्याची भीती वाटण्याऐवजी कौतुक वाटायचं. पिल्लू म्हटलं की त्याला दाणापाणी लागणारच. म्हणून ते बोलायला लागलं की मी खायला मागायचे. ही काही खादाडपणाची सबब नव्हती, मी खरोखर दोघांसाठी जेवत होते.

आणि आई द्यायचीच. आई माझी देण्यात राजा होती. सकाळी चहात बुडवून चार टोस्ट, शाळेत जाताना साखर-तुपाची पोळी, दुपारी भाताचा ढीग, त्यात खड्डा करून वरण आणि वरणावर तरंगणारं तूप. बुधवारच्या बाजारातून सुकट आणली की तिची चटणी, पावसाळ्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, रविवारी डाळीचे वडे आणि भात, त्यावर कडकडीत तेलाची फोडणी. ती फोडणी भातावर पडताना जो चर्र आवाज व्हायचा तो मला आजही ऐकू येतो, आणि आज मला तेल चमच्यानं मोजून घालावं लागतं तेव्हा तर जरा जास्तच ऐकू येतो. निजताना दूधभात. मी ताट सारलं की आईचा चेहरा पडायचा. तो पडू नये म्हणून मी आणखी दोन घास खायचे.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. सव्वा वर्षाचा होऊन गेला. आई त्याच्याविषयी कधी बोलली नाही, फक्त एक वाक्य तिच्या तोंडून मी पुष्कळदा ऐकलं, "त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या." त्यामुळे माझ्या बरगड्या कोणालाही मोजता येऊ नयेत हा तिनं आयुष्याचा नेम करून टाकला. तान्ह्या मुलानं अंग धरलं की त्याला आपण बाळसं म्हणतो. माझं बाळसं सहाव्या वर्षी होतं, आठव्या वर्षी होतं, दहाव्या वर्षीही होतं. शेजारणी म्हणायच्या, "बाई, पोट्टी भलती जाड झाली व." त्यावर आई तिखटमिठाची मूठ माझ्यावरून ओवाळून सिगडीत टाकायची आणि म्हणायची, "जाड नाई ते, बाळसं हाये तिचं." माझं नाव सुजाता. बुद्धाला खिरीचा वाडगा देणाऱ्या बाईचं नाव. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला खीर व्हायची, आणि बाबांचे मित्र दरवर्षी न चुकता तोच विनोद करायचे: "या सुजातानं खीर कोणाले देल्ली नाई बाप्पा, सोताच खाल्ली!" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि हसता हसता मला धाप लागायची.

शाळेत पीटीच्या तासाला मी कडुनिंबाखाली बसून चाळीस मुलींच्या चपला राखायचे. "तुले दम लागते न, तू बस," असं बाईच म्हणायच्या. त्यांना वाटायचं मी जाड आहे म्हणून मला दम लागतो. आईला वाटायचं मी कमजोर आहे म्हणून दम लागतो, तेव्हा अजून खाऊ घालावं. जाडीमागे दमा लपला होता आणि दम्यामागे जाडी, आणि मी चपलांच्या ढिगाशी बसून दोघांना वाढवत होते. पुढे मी चंद्रपूरच्याच एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. मैदानाच्या कडेला चपला राखणारं मूल मला दर वर्गात भेटलं, आणि अलीकडे तर एकाच्या जागी तीन-तीन भेटत. त्यांच्या घरी सिगडी नव्हती, पण खिडकीवर वीजकेंद्राची राख होती, हातात कुरकुऱ्याचं पाकीट होतं आणि घरी तेच ऐकायला मिळत होतं, की मोठा झाला की आपोआप झडेल. आधी दमा की आधी चरबी, की दोन्ही एकमेकांचा हात धरून येतात, यावर शिकलेले लोक अजून अभ्यास करताहेत. मला एवढंच ठाऊक की दोघं एकाच घरात नांदतात.

दहाव्या वर्षी हिवाळ्यात पिल्लू फार बोलायला लागलं. मी उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. तेव्हा आईला कोणीतरी एका पुडीवाल्याचं सांगितलं. बाजाराच्या दिवशी चटईवर बाटल्या मांडून बसायचा. तो दम्यावरची हमखास पुडी द्यायचा, पांढरी, कडू, वहीच्या कागदात बांधलेली, रोज एक मधात. आणि नवल म्हणजे पुडी लागू पडली! चार दिवसांत पिल्लू गप्प. शिवाय भूक अशी खवळली की मी रात्रीच्या दूधभातानंतर डबा हुडकायचे. दोन महिन्यांत माझे गाल वर चढून डोळे बारीक झाले, चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल. आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायची, "पाहा, औषध कसं अंगी लागलं!" पुडी जरा चुकली की पिल्लू दुप्पट जोरानं यायचं, त्यामुळे पुडीवरचा विश्वास आणखी घट्ट झाला. आईला मी दोष देत नाही. दम थांबला होता आणि मूल भरलं होतं. तिला देवाकडे, म्हणजे आमच्याकडे देव नव्हता, पण असता तरी तिला आणखी काही मागायचं राहिलं नव्हतं.

त्या एप्रिलात जयंतीला शकू मावशी आली. ही आईची धाकटी बहीण, आलापल्लीच्याही पुढे जंगलातल्या एका गावात सरकारी नर्स. सायकलवर फिरायची, कोणाला भ्यायची नाही आणि पान खायची. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही मुली पांढरे फ्रॉक घालून पुढे चालणार होतो. मी आमच्या दारातून निघाले आणि तिसऱ्या क्वार्टरपाशी रस्त्यातच बसले. मिरवणूक माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली. मावशी तेवढी मागे राहिली. माझ्याजवळ उकिडवी बसून तिनं माझे गाल चिमटीत धरले, मग हनुवटी वर करून बराच वेळ पाहत राहिली. घरी आल्यावर तिनं पुडी मागितली आणि जिभेच्या टोकाला लावली.

"बाई, हे काय देऊन राह्यली तू इले?"

"दम्याचं हाये. जडीबुटी."

"जडीबुटी नाई व, गोळ्या कुटल्या हायेत. अन् हे बाळसं नाई, सूज हाये. उन्हाळाभर पोरीले माझ्याकडे पाठव."

आई सिगडीपुढून उठली. तिला मी इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सुकवाले नेतं का माझ्या पोट्टीले? तुले लेकरू नाई, तुले काय समजन? एक माझ्या हातावर सुकून गेला, आठवते का?"

मावशीनं पुडीचा कागद परत मिटला. मग हळू म्हणाली, "आठवते. तो सुकला म्हणून गेला. हे फुगून जाईन. जाणं तं सारखंच असते न, बाई?"

घरात कोणी जेवलं नाही. सकाळी बाबांनी माझी पिशवी भरली. आईनं त्यात बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि साऱ्या पुड्या.

एसटीनं दिवसभर गेलो. आलापल्ली मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना सागाची झाडं लागली, ती संपेचनात. मी कोळशाचे ढीग पाहिले होते, खाणीचा खड्डा पाहिला होता, त्यामुळे जगात मोठं म्हणजे तेवढंच असं धरून चालले होते. ह्या झाडांपुढे मी तोंड उघडं टाकून बसले. संध्याकाळी उतरलो तेव्हा सवयीनं मी धुराची वाट पाहिली. धूर होताच, घराघरांतल्या चुलीचा, तिथली पोरंही खोकत होती आणि मावशी त्यांच्या आयांना चूल बाहेर मांडा म्हणून ओरडतच होती. पण तो धूर वर गेला आणि वर गेल्यावर संपला. वरती एवढी जागा असते हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर पाणी आणायला मावशीबरोबर निघाले आणि वाटेत पिल्लानं जे तोंड काढलं ते थांबेना. प्रवासात माझी पुडी घ्यायची राहिली होती. श्वास आत जायचा आणि बाहेर यायला वाटच नाही. ओठ निळे पडले, असं मावशीनं नंतर सांगितलं. मला आठवतं ते एवढंच की मला बोलता येत नव्हतं आणि मावशी भर रस्त्यात उभी राहून जंगल खात्याच्या जीपला हात करत होती. दवाखाना तिथून तासाभरावर. एका लांब खोलीत चार खाटा. तिथले डॉक्टर तरुण होते, बाहेरून आलेले. त्यांनी एक सुई टोचली आणि मग कागदाचा शंकू माझ्या तोंडावर धरून त्याच्या मागून एक छोटासा पंप दाबला, फुस्स. परत फुस्स. म्हणाले, "घाबरू नकोस. सावकाश आत घे."

पुढचं कसं सांगू? त्याला आता पन्नासेक वर्षं झाली, नवरा झाला, मुलं झाली, समुद्र पाहिला, विमानात बसले. पण त्या खाटेवर जे झालं त्याच्या तोडीचं काही पाहिलं नाही. आधी बाहेर गेलेला श्वास लांब झाला. मग आत आलेला श्वास नेहमीच्या जागी थांबेना, तो खाली उतरत गेला, आणखी खाली, माझ्यात जिथे काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं तिथपर्यंत, पार पाठीत. माझ्याच अंगात एवढ्या खोल्या होत्या आणि मी आजवर ओसरीतच राहत होते! मी रडायला लागले. मावशीला वाटलं दुखतंय. मला एवढंच विचारायचं होतं की बाकीचे सगळे लोक असाच श्वास घेतात का? रोज? आणि तरीही त्याबद्दल कोणी काही बोलत नाही?

मावशीनं दाखवायला कमरेला खोचून ठेवलेली पुडी डॉक्टरांनी हुंगली, चाखली, माझे गाल पाहिले. मावशीला म्हणाले, "स्टेरॉईडची गोळी आहे. वाईट नाही सिस्टर. वेळेला जीव वाचवते. पण मोजमाप न करता रोज दिली तर मूल असं फुगतं. आता एकदम बंद मात्र करू नका, मी सांगतो तशी हळूहळू कमी करू." मग दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक वेळेचा.

परत आल्यावर मी मावशीला पिल्लाबद्दल सगळं सांगितलं, त्याच्यासाठी मी जेवते तेही. तिला हसू आलं नाही. तिनं आपली छाती तपासायची नळी माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक माझ्याच छातीवर ठेवलं. आत वादळ चाललं होतं. शिट्ट्या, सूं सूं, आणि मागे हृदयाची धडधड. "पिल्लू नाई व ते," मावशी म्हणाली, "वारा हाये. नळी बारकी झाली का शिट्टी मारते." पिल्लू नाही हे कळून मला वाईट वाटलं, पण वाऱ्याचं नवल त्याहून मोठं होतं. मग तिनं परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला आणि खाटेवर उताणी पडत मला म्हणाली, "तांदळाची थैली माझ्या पोटावर ठेव." मग देठ तोंडात धरून तिनं नाक दाबलं. मी ठेवली. मावशी देठातून श्वास ओढायला लागली. पोट थैली उचलेना, देठातून वारा पुरेना, तिचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले. ती मीच होते, पायरीवर बसलेली. मी घाबरून थैली खाली ओढली.

"आता सांग," मावशी उठून धापा टाकत म्हणाली, "देठ मोठा कराचा का थैली उतरवाची?"

"दोन्ही."

"हुशार हाये माझी माय. देठाचं काम पंप करन. थैली तं तुलेच उतरवा लागन."

ती थैली आम्ही चालून उतरवली. मावशी सायकल हातात धरून पायी चालायची, माझ्यासाठी, आणि मी तिच्या मागे. पहिल्या दिवशी मोठ्या मोहाच्या झाडापर्यंत, मग तेंदूच्या फळीपर्यंत, जिथे पानांचे पुडे वाळत घातलेले असायचे, मग नाल्यापर्यंत. चालण्याआधी वेळेचा पंप, सावकाश चाल, दम लागला की थांबायचं आणि लाजायचं नाही. घरी भात एकदाच वाढायचा, उपाशी मात्र ठेवायचं नाही. लाडू रोज अर्धा. जूनच्या सुरुवातीला मी नाल्याच्या पलीकडची टेकडी चढले. वर जाऊन पाहते तर जंगल चारी बाजूंना, कुठेच कडा नाही, आणि मी उभी! बसले नव्हते. मावशी खालून ओरडत होती, मी तिला उत्तर दिलं, आणि उत्तर द्यायलाही श्वास शिल्लक होता.

शाळा सुरू व्हायच्या आधी आई मला न्यायला आली. दुपारच्याच गाडीनं परतायचं म्हणून तिनं पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही. मी धावत दारात गेले. पुड्या संपल्या होत्या, गालांची सूज ओसरली होती, फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. मी काही काटकुळी झाले नव्हते, चांगली गुटगुटीत होते अजून. पण आईनं मला पाहिलं आणि ती दाराला धरून खालीच बसली. तिनं माझ्या कुशीवर हात फिरवला. बोटांना बरगडी लागली.

"सुकवली व," ती म्हणाली. "शकू, तू माझी पोट्टी सुकवली."

मावशीनं वाद घातला नाही. तिनं खुंटीवरची नळी काढली, आईच्या कानात घातली आणि दुसरं टोक माझ्या छातीवर ठेवून मला म्हणाली, घे श्वास. मी घेतला. पार पाठीपर्यंत. सोडला.

आईनं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं तिनं ते उघडले, आणि तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. त्या सव्वा वर्षाच्या मुलाच्या छातीला तिनं शेवटी कान लावला होता, हे मला फार पुढे कळलं.

"शकू, काई बोलत नाई व आत. पिल्लू कुठी गेलं?"

"नाई बोलत न? श्वास येते का ऐकू?"

आई ऐकत राहिली. मी घेतला, सोडला. घेतला, सोडला. "येते," ती म्हणाली.

"कसा येते?"

"साफ."

"तेच ऐकाले बोलावलं तुले, बाई."

दमा काही त्या दिवशी गेला नाही. तो आजही माझ्या पर्समध्ये पंपाच्या शेजारी बसून असतो, आणि घरी परतल्यावर आईनं सिगडी पार गल्लीच्या टोकाला नेऊन पेटवायला सुरुवात केली त्यावरून शेजारणींनी तिला किती बोल लावले तेही निराळंच. पण त्या दुपारी आई मावशीच्या दारात फतकल मारून बसली होती, एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातानं नळी माझ्या छातीवर दाबलेली. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. बाहेर जाऊन मावशीनं कंडक्टरला दोन मिनिटं थांबवलं आणि आत येऊन म्हणाली, "बाई, गाडी आली. चाल, ऊठ."

आईच्या कानात नळ्या होत्या, तिला गाडी ऐकू आलीच नाही. मावशीनं खांद्याला हात लावला तेव्हा तिनं मान वर न करता तो हात बाजूला सारला.

"थांब व," ती म्हणाली, "अजून ऐकू दे."

त्या दिवशीची आमची गाडी निघून गेली.